फर्नांडिस आणि हर्नांडेझ हे एकच आडनाव आहे का?

खारेवारे (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला विषय आज मांडते.

मी वसईची, आडनाव फर्नांडिस. पुण्यात असताना स्पॅनिश शिकले आणि गेली काही वर्षं त्याच भाषेच्या जोरावर नोकरी करतेय. रोज संध्याकाळी मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरातल्या एका सहकारी मैत्रिणीशी कॉल असतो. तिचं आडनाव एर्नांदेस. आपण इंग्रजी वळणाने हर्नांडेझ म्हणतो, पण स्पॅनिशमध्ये तो सुरुवातीचा 'ह' फक्त लिहायचा असतो, उच्चारायचा नसतो. गेल्या महिन्यात काम आटोपल्यावर ती सहज म्हणाली, "तुझं आणि माझं आडनाव एकच आहे, माहितीये ना?" मला पटेना. कुठे फ, कुठे ह! मग वाचत गेले आणि तिचं म्हणणं खरं निघालं.

मूळ नाव फेर्नांदो. पाचव्या शतकापासून 711 सालापर्यंत स्पेनवर व्हिसिगॉथ या जर्मानिक लोकांचं राज्य होतं. त्यांची भाषा गेली, नावं मात्र राहिली: रोद्रिगो, गोन्सालो, अल्फोन्सो, फेर्नांदो. फेर्नांदोच्या शेवटच्या भागाचा अर्थ धाडसी. पहिला भाग 'शांतता, संरक्षण' या अर्थाचा की 'प्रवास' या अर्थाचा, यावर दोन मतं आहेत. या नावाला '-एझ' लागला की फेर्नांदेझ, म्हणजे फेर्नांदोचा मुलगा. तसाच रोद्रिगोचा रोद्रिगेझ, गोन्सालोचा गोन्सालेझ, सांचोचा सांचेझ. पोर्तुगीजमध्ये याच '-एझ'चा '-एस' होतो. आमच्या गावातले फर्नांडिस, रॉड्रिग्ज, गोन्साल्विस, लोपीस हे सगळे त्याच साच्यातले.

आता खरी गंमत. हे आधी आडनाव नव्हतंच, दर पिढीला बदलायचं. उत्तर स्पेनमधल्या कॅस्टील या प्रदेशाच्या सरदारघराण्याची वंशावळ बघा: गोन्सालो फेर्नांदेझ, त्याचा मुलगा फेर्नान गोन्सालेझ (मृत्यू 970), त्याचा मुलगा गार्सिया फेर्नांदेझ, त्याचा सांचो गार्सिया, त्याचा गार्सिया सांचेझ. बापाचं नाव मुलाच्या नावामागे जातं आणि पुढच्या पिढीत गळून पडतं. मला हे वाचताक्षणी पेशवे आठवले. बाळाजी विश्वनाथ, त्यांचे बाजीराव बल्लाळ, त्यांचे बाळाजी बाजीराव, त्यांचे माधवराव बल्लाळ. अगदी तीच रीत! फरक इतकाच की पेशव्यांचं भट हे आडनाव वेगळं होतं आणि ते पिढ्यान् पिढ्या टिकलं. स्पेनमध्ये बापाचं नाव लावायची ही रीत मध्ययुगाच्या उत्तरार्धात हळूहळू थांबली आणि ज्या पिढीत थांबली त्या पिढीतल्या बापाचं नाव पुढच्या सगळ्यांना चिकटून राहिलं. म्हणजे आपलं 'मधलं नाव' एखाद्या पणजोबापाशी गोठून आडनाव व्हावं, तसं.

फ चा ह कसा झाला, आणि कुठे फेर्नांदेझ उरले नि कुठे एर्नांदेझ, यावर जाणकारांनी लिहावं. मीही सापडेल तसं लिहीन.

सीमाभागी

छान धागा. मधल्या नावाची तुलना फार आवडली.

फ चा ह होण्याबद्दल. मी बेळगावचा, मला यात नवल वाटलं नाही, कारण असंच काहीसं आमच्या कानांवर रोज पडतं. दुधाला तमिळमध्ये 'पाल', कन्नडमध्ये 'हालु'. दहाला तमिळ 'पत्तु', कन्नड 'हत्तु'. दाताला 'पल्लु', इकडे 'हल्लु'. वाघाला 'पुली', इकडे 'हुली'. आमच्या भागातल्या अनेक गावांच्या शेवटी येणारं 'हळ्ळी' हे आंध्रातल्या 'पल्ली'चं भावंड. जुन्या कन्नडमध्ये इथे प च होता, दहाव्या शतकापासून पुढे त्याचा ह होत गेला. ओठांनी काढायचा आवाज ढिला पडून नुसता श्वास उरतो. स्पॅनिशमध्येही तसंच झालं असणार.

खारेवारे

सीमाभागी, किती नेमकं सांगितलंत! आणि स्पॅनिशमध्ये तो श्वासही पुढे गेला, आता तिथे काहीच ऐकू येत नाही. लॅटिनमधलं 'फरीना' (पीठ) पोर्तुगीजमध्ये 'फरिन्या' राहिलं, कॅस्टीलच्या स्पॅनिशमध्ये 'आरीना' झालं, लिहिताना ह सकट. 'फिलिउस' म्हणजे मुलगा, पोर्तुगीज 'फिल्यू', स्पॅनिश 'इहो'. पण 'फुएगो' (आग), 'फुएंते' (झरा) यांत फ शाबूत आहे, कारण त्याच्या पुढे 'उए' आला की तो टिकायचा.

हे कशामुळे झालं याचं एक जुनं स्पष्टीकरण असं की कॅस्टील हे मुळात बास्क लोकांना लागून असलेलं चिमुकलं राज्य, आणि बास्क भाषेत फ नव्हता. सगळ्या अभ्यासकांना ते पटत नाही. मला स्वतःला ते बऱ्यापैकी वजनदार वाटतं, कारण बदल सुरू झाला तो त्याच कोपऱ्यातून.

पोफळी

माझं आजोळ गोव्यात. पोदेर ज्या भट्टीत पाव भाजतो तिला तिकडे 'फोर्न' म्हणतात. हा शब्द याच कुटुंबातला का? लहानपणी सुट्टीत पहाटे उठून मामाबरोबर फोर्नाकडे जायचे. लांब दांड्याच्या फळीवरून पाव आत सरकायचे, तोंडाशी उभं राहिलं की गाल भाजून निघायचे. तो शब्द आज इतक्या वर्षांनी डोळ्यांसमोर आला.

खारेवारे

पोफळी, हो! पोर्तुगीज 'फोर्नो', लॅटिन 'फुर्नुस'. आणि स्पॅनिशमध्ये तीच भट्टी 'ओर्नो', लिहिताना ह ने सुरू होणारी. फोर्न आणि ओर्नो यांच्यात जे झालं तेच फर्नांडिस आणि एर्नांदेस यांच्यात झालं. यापेक्षा चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं.

तळटीप

एक शंका. गोव्या-वसईकडचे फर्नांडिस पोर्तुगीजांमुळे, हे सगळ्यांना माहीत आहे. मग त्याला स्पॅनिश आडनाव कशाला म्हणायचं? दोन वेगळे देश, दोन वेगळ्या भाषा.

खारेवारे

शंका रास्त आहे. पण तारखा बघा. फेर्नान गोन्सालेझ वारला 970 मध्ये. पोर्तुगालला वेगळं राज्य म्हणून शेजारच्या राजाने मान्य केलं ते 1143 मध्ये. ही नावं घडत होती तेव्हा ती सरहद्दच नव्हती. डोंगराच्या इकडे-तिकडे एकाच लॅटिनच्या बोली होत्या आणि बापाचं नाव लावायची रीतही एकच. पुढे दोन राज्यं झाली, दोन लेखनपद्धती झाल्या. म्हणून मी त्यांना भावंडं मानते. ज्या शाखेत फ टिकला आणि शेवटी स आला ती आमच्याकडे आली, एवढंच.

कर्दळ

मी पाच वर्षं माद्रिदमध्ये आहे, तिथलं थोडं सांगते.

आमच्या इमारतीच्या दारात पत्रपेट्यांची रांग आहे. पहिल्या दिवशी तीन पेट्यांवर 'फ, द, ए, झेड' एवढीच चार रोमन अक्षरं आणि टिंब दिसलं. मला वाटलं एखादी कंपनी असेल. शेजारच्या आजींनी सांगितलं, हे फेर्नांदेझचं संक्षिप्त रूप. आडनाव इतकं घरोघरी आहे की पूर्ण लिहायची गरजच पडत नाही. एर्नांदेझचंही तसंच, पहिल्या अक्षराच्या जागी ह.

आकडे सांगायचे तर स्पेनच्या सरकारी सांख्यिकी संस्थेच्या यादीत पहिलं आडनाव म्हणून गार्सिया लावणारे 14 लाखांहून अधिक आहेत. त्याखालच्या पहिल्या काही आडनावांत फेर्नांदेझ येतं, साधारण 9 लाख. एर्नांदेझ त्याच्या निम्म्याहून कमी. 'पहिलं आडनाव' म्हणण्याचं कारण, इथे प्रत्येकाला दोन असतात: एक वडिलांकडचं, एक आईकडचं. लग्नानंतर बाई आपलं आडनाव बदलत नाही. क्रम उलटा लावायची मुभा 1999 च्या कायद्याने मिळाली आणि 2017 पासून वडिलांच्या आडनावाला आपोआप मिळणारं अग्रस्थानही गेलं, जन्मनोंदणीच्या वेळी आईवडिलांनी मिळून क्रम ठरवायचा.

पहिलं आडनाव फार सर्रास असेल तर लोक दुसऱ्यानेच ओळखतात. चित्रकार पाब्लो रुईस पिकासो. रुईस बापाकडचं, पिकासो आईकडचं. जग पिकासो म्हणतं.

फेर्नांदेझ सर्वांत दाट आहे ते उत्तरेला, आस्तुरियासमध्ये. तिथे ते पहिल्या क्रमांकाचं आडनाव. शेजारच्या गालिसिया आणि लेओनमध्येही पुष्कळ. एर्नांदेझ मात्र सालामान्काकडे आणि खाली कॅनरी बेटांवर जास्त दिसतं. आस्तुरियासच्या बोलीत फ गेलाच नाही. तिथला प्रसिद्ध पदार्थ 'फाबादा', पांढऱ्या जाड शेंगदाण्यांसारख्या दिसणाऱ्या घेवड्याच्या दाण्यांचा. दाण्याला ते 'फाबा' म्हणतात. माद्रिदमध्ये 'आबा', लिहिताना परत तोच मुका ह. हिवाळ्यात एकदा तिकडे गेले होते. मातीच्या भांड्यात आलेली ती फाबादा बघून मला वालाच्या बिरड्याची आठवण झाली, चव अगदी वेगळी असली तरी.

दस्तावेज

वर फ आणि ह ची जी वाटणी सांगितली आहे ती कल म्हणून घ्यावी, काटेकोर नियम म्हणून नको. सोळाव्या शतकापर्यंत एकाच माणसाचं नाव दोन्ही प्रकारे लिहिलेलं सापडतं. मेक्सिको जिंकणारा कोर्तेस कुठे फेर्नांदो आहे, कुठे एर्नांदो, आणि आज आपण त्याला एर्नान म्हणतो. राजघराण्यात फेर्नांदो टिकलं त्याला कॅस्टीलचा राजा फेर्नांदो तिसरा याचा मोठा हातभार असावा. त्याने 1236 मध्ये कोर्दोबा आणि 1248 मध्ये सेव्हिल घेतलं आणि 1671 मध्ये तो संत ठरला. असं नाव जुन्या रूपातच जपलं जातं.

अमेरिकेतल्या वाटणीचाही याच्याशी संबंध लागतो. सोळाव्या शतकात मेक्सिकोकडे गेलेले स्पॅनिश लोक बहुतांशी दक्षिणेचे, आंदालुसिया आणि एस्त्रेमादुराचे. तिकडे आज एर्नांदेस सर्वांत मोठं आडनाव. कॅनरी बेटांवरून लोक क्युबा आणि व्हेनेझुएलात गेले, तिथेही ते भरपूर. उलट अर्जेंटिनात एकोणिसाव्या-विसाव्या शतकात गालिसिया-आस्तुरियासमधून इतके लोक आले की तिथे कुठल्याही स्पॅनिश माणसाला 'गायेगो', म्हणजे गालिसियाचा, म्हणतात. म्हणून तिथे फेर्नांदेस. 2019 मध्ये आल्बेर्तो फेर्नांदेस राष्ट्राध्यक्ष झाले आणि क्रिस्तिना फेर्नांदेस उपराष्ट्राध्यक्ष. दोघांचं नातं काहीही नाही.

ओसरी

मला एका ग्रुपवर यादी आली होती की '-एझ'ने संपणारी सगळी स्पॅनिश आडनावं मुळात ज्यू लोकांची, आणि ती असतील तर स्पेनचं नागरिकत्व मिळतं. यात काही तथ्य?

दस्तावेज

ओसरी, अशा याद्या खूप फिरल्या. 1492 मध्ये हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांसाठी स्पेनने 2015 मध्ये कायदा केला, अर्ज 2019 पर्यंत घेतले. पण नुसत्या आडनावावर कुणालाही नागरिकत्व मिळत नव्हतं, पुरावे द्यावे लागत. बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंनी फेर्नांदेझ, लोपेझ अशी आडनावं घेतली हे खरं आहे. कारण ती सर्वांत सर्रास होती, त्यांत मिसळून जाता येत होतं. म्हणूनच उलट दिशेने त्यावरून काही सिद्ध होत नाही.

इथे आपल्या जवळचं एक उदाहरण देतो. गोव्यात 1563 मध्ये भारतीय औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापणारे वैद्य गार्सिया दा ओर्ता. मुंबई बेट काही काळ त्यांच्याकडे खंडाने होतं. त्यांचे वडील स्पेनमधून पोर्तुगालला पळून आलेले ज्यू. मूळ नाव इसाक, बाप्तिस्म्यानंतरचं फेर्नांदो. जुन्या रीतीने गेले असते तर मुलगा गार्सिया फर्नांडिस झाला असता! नाव बदलूनही पाठलाग सुटला नाही. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, 1569 मध्ये त्यांच्या बहिणीला जाळलं आणि 1580 मध्ये ओर्तांची हाडं थडग्यातून काढून जाळली. गोव्यातल्या बागेला त्यांचं नाव आहे, पण त्या बागेत बसणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल, याचं मला वाईट वाटतं.

रानजाई

टेक्सासहून लिहितेय. इथे 2010 च्या जनगणनेत हर्नांडेझ हे अख्ख्या देशात अकराव्या क्रमांकावर होतं, दहा लाखांहून जास्त लोक. 2000 मध्ये ते पंधरावं होतं.

मुलीच्या शाळेतल्या एका मेक्सिकन आईशी माझी मैत्री आहे. तिच्या मुलाची दोन आडनावं. फॉर्मवर 'शेवटचं नाव' विचारतात म्हणून शाळेने आईकडचं आडनाव त्याचं आडनाव म्हणून नोंदवलं आणि बापाकडचं मधलं नाव करून टाकलं. माझ्या नवऱ्याचं उलट. त्याचं मधलं नाव म्हणजे सासऱ्यांचं नाव. इथले लोक विचारतात, 'हे तुझं दुसरं नाव आहे तर तुला या नावाने हाक मारू का?' आम्ही दोघी त्या फॉर्मवर तासभर बोललो होतो. फेर्नांदेझ म्हणजे 'फेर्नांदोचा' हे तेव्हा माहीत असतं तर तिला सांगितलं असतं, तुमच्याकडेही एकेकाळी आमच्यासारखंच होतं.

अवांतर: Y गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावही तसंच जातं. मग सगळ्या फेर्नांदेझ पुरुषांचं Y जुळतं का?

दस्तावेज

नाही जुळत. दुर्मिळ आडनावांत बऱ्याचदा जुळतं, कारण सुरुवात एका-दोन घरांतून झालेली असते. फेर्नांदेझची सुरुवात हजारो घरांतून, ज्या ज्या घरात फेर्नांदो नावाचा बाप होता तिथून. त्यात बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेली आडनावं मिळवा. नुसतं आडनाव सारखं म्हणून नातं जोडायला गेलो तर हाती काही लागत नाही.

दर्यावर्दी

सव्वीस वर्षं बोटीवर काढली, त्यामुळे या धाग्यावर राहवलं नाही.

आमच्या एका बोटीच्या क्रू लिस्टवर चार नावं एकाखाली एक होती: रत्नागिरीचा फर्नांडिस, फिलिपिन्सचा फर्नांडेझ, फिलिपिन्सचाच हर्नांडेझ आणि कोलंबोचा फर्नांडो. बंदरावर इमिग्रेशनचा माणूस यादी बघून चक्रावला, भाऊ भाऊ आहात का म्हणाला. रात्री मेसमध्ये हाच विषय निघाला. फिलिपिनो बोसनने सांगितलं, आमच्या घराण्यात कुणी स्पॅनिश नव्हतं, आम्हाला आडनाव पुस्तकातून मिळालं.

नंतर मी शोधलं. 21 नोव्हेंबर 1849 ला तिथला गव्हर्नर क्लावेरिया याने हुकूम काढला. त्याआधी कर वसूल करताना, चर्चच्या नोंदी ठेवताना गोंधळ व्हायचा. एकाच घरातली माणसं वेगवेगळी आडनावं लावायची, नाहीतर संतांची नावं लावायची. म्हणून सुमारे साठ हजार आडनावांचं पुस्तक तयार केलं आणि त्यातल्या याद्या प्रांताप्रांतांत, गावागावांत वाटल्या. काही गावांत तर अख्ख्या गावाची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात, आल्बाय प्रांतातलं ओआस गाव र साठी प्रसिद्ध आहे. त्या पुस्तकात तिथल्या भाषांतले शब्दही आडनावं म्हणून घातले होते. ज्यांच्या घरात चार पिढ्या एकच आडनाव चालत आलं होतं त्यांना ते ठेवायची परवानगी होती.

कोलंबोवाल्याचं आणखी वेगळं. त्यांच्याकडे फर्नांडो हे नावच थेट आडनाव झालं. मागे '-एस' नाही की काही नाही. तुतिकोरीनच्या परवर कोळ्यांतही फर्नांडो फार. 1530 च्या दशकात पोर्तुगीजांनी त्या किनाऱ्यावर बाप्तिस्मे दिले, तेव्हापासूनचं.

खारेवारे

दर्यावर्दी काका, तुमच्या त्या चार ओळींच्या क्रू लिस्टने सगळा धागा एका जागी आणला. मनापासून आभार.

आता माझ्या घराबद्दल. पोर्तुगीज वसईत आले 1534 मध्ये आणि चिमाजी अप्पांनी वसई घेतली 1739 मध्ये. या दोनशे वर्षांत कधीतरी आमच्यातल्या कुणाला तरी बाप्तिस्म्याच्या वेळी हे आडनाव मिळालं. गॉडफादरचं किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रींचं आडनाव घ्यायची तेव्हाची सर्रास रीत. आमच्या गावात काही ख्रिस्ती घरांनी राऊत, नाईक, वर्तक ही जुनी आडनावं जपली. आमची गेली. लहानपणापासून कुणी ना कुणी विचारत आलंय, "तुम्ही मूळचे पोर्तुगालचे का?" कॉलेजमध्ये प्रवेशाच्या खिडकीवरही विचारलं होतं, आणि मी कादोडीत, म्हणजे आमच्या वसईकडच्या बोलीत, आईशी बोलतेय हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तेव्हा मला उत्तर नीट देता आलं नव्हतं. मंगळूरच्या जॉर्ज फर्नांडिसांनी 1967 मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरवलं, आणि माझे आजोबा म्हणायचे की त्या निवडणुकीनंतर निदान आडनावाचं स्पेलिंग तरी लोक विचारेनासे झाले.

हा सगळा धागा मी काल पुएब्लाच्या मैत्रिणीला वाचून दाखवला, स्पॅनिशमध्ये सांगत सांगत. फोर्न आणि ओर्नोपाशी तिने मला थांबवलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाली की तिची आजी डोंगराकडच्या गावातली, घरात नावात्ल ही तिथली मूळची भाषा बोलणारी. त्यांच्याकडेही एर्नांदेस नावाचा कुणी स्पॅनिश पूर्वज असल्याचं कुणी सांगत नाही. पाद्रींनी बाप्तिस्म्यात दिलं असावं असंच घरात मानतात. "तुमचं आधीचं आडनाव काय होतं?" असं तिने विचारलं. मला माहीत नाही. तिलाही तिचं माहीत नाही.

आमच्या पॅरिशमध्ये बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत. रविवारी मिस्सा झाल्यावर फादरना विचारणार आहे, सर्वांत जुनी वही बघता येईल का म्हणून. बाबा म्हणाले, तेही येतील. काही सापडलं तर इथेच लिहीन.

दर्यावर्दी

जरूर लिहा. वहीत नावापुढे बापाचं नाव दिलं असेल तर तेही उतरवून आणा.